मोटार निवते कशी? उष्णता संक्रमण गुणांकाची ओळख

बेळगाव, चिकोडी, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यात उन्हाळी पाळ्या सुरू झाल्या की विहिरींवरील आणि वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा या नद्यांच्या काठांवरील विजेच्या मोटारी वीज मिळेल तेवढा वेळ चालू ठेवल्या जातात. मोटारी जळण्याचे दिवसही हेच. मोटार जळाली म्हणजे वाइंडिंगचा खर्च तर येतोच. परंतु दुरुस्तीत जाणाऱ्या दिवसांत उसाची वा भाजीपाल्याची पाळी चुकते, आणि ती हानी पैशात सहज मोजता येत नाही. अशा वेळी दोष बहुधा विजेच्या कमी दाबावर ठेवला जातो. पुष्कळदा तो खराही असतो. तथापि मोटारीत उष्णता किती निर्माण झाली, हा हिशेबाचा केवळ अर्धा भाग होय. निर्माण झालेली उष्णता किती वेगाने बाहेर गेली, हा उरलेला अर्धा भाग. त्याकडे शेतकऱ्याचे, आणि खरे सांगावयाचे तर पुष्कळ तंत्रज्ञांचेही, पुरेसे लक्ष जात नाही. या दुसऱ्या भागाचा हिशेब ज्या एका आकड्यावर अवलंबून असतो त्यास उष्णता संक्रमण गुणांक असे म्हणतात. नाव जड असले तरी वस्तू ओळखीची आहे.

गुऱ्हाळावर काम केलेल्या माणसास ही गोष्ट पुस्तकावाचून ठाऊक असते. पाक सुमारे ११८ अंश सेल्सियसपर्यंत आला, पाण्यात टाकून पाहिलेली गोळी जमली, की गुळव्या काहील उतरवावयास सांगतो आणि पाक वाफ्यात ओतला जातो. वाफा उथळ आणि पसरट असतो. तोच पाक खोल भांड्यात ठेवला तर तासन् तास गरम राहील. पसरल्यामुळे हवेला लागणारे क्षेत्र वाढते, ही झाली पहिली गोष्ट. पाक जितका अधिक गरम तितका तो आरंभी भराभर निवतो आणि पुढे मंदावतो, ही दुसरी. तिसरी गोष्ट अशी की, वारा असलेल्या दिवशी आणि पाक सतत ढवळत राहिल्यास तो लवकर निवतो. क्षेत्र तेच, तापमानही तेच, तरीही वेळ निराळा. ही जी तिसरी गोष्ट, तिलाच आकड्यात बांधण्याचे काम उष्णता संक्रमण गुणांक करतो.

मांडणी सोपी आहे. दर सेकंदास बाहेर जाणारी उष्णता = गुणांक × पृष्ठभागाचे क्षेत्रफळ × पृष्ठभाग व हवा यांच्या तापमानांतील फरक. उष्णता वॅटमध्ये, क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये आणि तापमान अंशांत मोजले, तर गुणांक 'दर चौरस मीटरला, दर अंशाला इतके वॅट' असा येतो. गुणांक १० आहे याचा अर्थ, एक चौरस मीटर पृष्ठभाग हवेपेक्षा एका अंशाने अधिक तापलेला असेल तर त्यातून १० वॅट उष्णता निघून जाते.

या विचाराचा उगम न्यूटनपर्यंत जातो. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १७०१ साली त्याचा एक निबंध निनावी प्रसिद्ध झाला. तापलेल्या वस्तूची उष्णता तिच्या व भोवतालच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात कमी होते, असे त्यात गृहीत धरले होते. येथे एक तपशील ध्यानात घेण्याजोगा आहे. न्यूटनने तापवलेले लोखंड स्तब्ध हवेत ठेवले नव्हते, तर एकसारख्या वाहणाऱ्या वाऱ्यात ठेवले होते. वारा एकसारखा असल्यामुळेच त्याचा नियम सरळ राहिला. स्तब्ध हवेत तसे होत नाही. तापलेली हवा हलकी होऊन आपोआप वर चढते आणि वस्तू जितकी अधिक तापलेली तितका हा प्रवाहही जोरदार होतो. म्हणजे गुणांक स्वतःच थोडा बदलत जातो. १८१७ साली द्यूलाँ व पेती या फ्रेंच शास्त्रज्ञांनी हे प्रयोगाने दाखवून दिले. गुणांकाची आज वापरात असलेली स्वच्छ गणिती मांडणी मात्र फूरिये याची. त्याचा उष्णतेवरील ग्रंथ १८२२ साली प्रसिद्ध झाला.

हवेच्या पापुद्र्याचा प्रश्न

हा गुणांक लोखंडाचा की हवेचा, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो. घनता किंवा वाहकता यांसारखा तो कोणत्याही एका पदार्थाचा गुणधर्म नव्हे, हीच या विषयातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत अधिक वेळा विसरली जाणारी गोष्ट आहे. तो परिस्थितीचा आकडा आहे. हवा आहे की पाणी, ते स्तब्ध आहे की वाहते, वाहते तर किती वेगाने, पृष्ठभाग उभा आहे की आडवा, मोठा की लहान, या सर्वांवर तो ठरतो.

त्याचे कारण पृष्ठभागाला चिकटून असलेल्या पातळ थरात आहे. वारा कितीही सुटला तरी धातूला अगदी लगटून असलेली हवा जवळजवळ स्थिर असते. उष्णतेला तो पापुद्रा वहनाने ओलांडावा लागतो. हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक. ओतीव लोखंडाच्या मानाने तिची वाहकता सुमारे दोन हजारांश. गुणांक १० असणे म्हणजे पृष्ठभागावर सुमारे अडीच मिलिमीटर जाडीचे स्थिर हवेचे पांघरूण असणे होय. पंख्याने गुणांक ३० वर नेला की हेच पांघरूण एका मिलिमीटरहून कमी होते. वाऱ्याचे काम एवढेच, की तो हे पांघरूण झिजवतो. जर्मन शास्त्रज्ञ प्रांट्ल याने १९०४ साली या थराची उपपत्ती मांडली आणि नुसेल्ट याने १९१५ साली गुणांकाचा अंदाज प्रयोगांवरून सर्वसाधारण सूत्रांत कसा बसवावा हे दाखविले. अभियंते आजही त्याच वाटेने जातात.

आकड्यांची व्याप्ती पाहिली म्हणजे परिस्थितीचे महत्त्व पटते. स्तब्ध हवेत गुणांक साधारण ५ ते २५, त्यातही लहान-सहान उपकरणांसाठी बहुधा १० च्या आतबाहेर असतो. पंख्याच्या हवेत तो २५ पासून दोन-अडीचशेपर्यंत जाऊ शकतो. वाहत्या पाण्यात तो शेकड्यांनी व हजारांनी मोजावा लागतो, आणि उकळत्या पाण्यात त्याहूनही पुढे जातो. तापलेला तवा वाऱ्यावर धरला तर बराच वेळ निवत नाही, पाण्यात बुडवला की क्षणात निवतो, यामागे हेच प्रमाण आहे. मात्र वाऱ्याचा वेग दुप्पट केला म्हणून गुणांक दुप्पट होत नाही. तो सुमारे दीडपट ते पावणेदोनपट होतो.

समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचाही थोडा परिणाम असतो. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि तेथील हवा मुंबईच्या हवेपेक्षा सात-आठ टक्क्यांनी विरळ असते. त्यामुळे पंख्याच्या हवेचा गुणांक तेथे पाच-सहा टक्क्यांनी कमी भरतो. तथापि मोटारींची क्षमता ठरवताना १००० मीटरपर्यंतची उंची व ४० अंशांपर्यंतची हवा गृहीत धरलेली असते. तेव्हा बेळगावकरांनी या कारणास्तव चिंता करण्याचे प्रयोजन नाही.

पाच अश्वशक्तीच्या मोटारीचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समजा, पाच अश्वशक्तीची, म्हणजे ३.७ किलोवॅटची मोटार पूर्ण भारावर चालू आहे आणि तिची कार्यक्षमता ८५ टक्के आहे. तिला सुमारे ४.३५ किलोवॅट वीज लागते, त्यांपैकी ३.७ किलोवॅट पाणी उचलण्याकडे जाते आणि बाकीचे ६५० वॅट उष्णतेच्या रूपाने मोटारीतच राहतात. चारशे वॅटच्या ताराच्या शेगडीपेक्षा ही उष्णता अधिक आहे आणि ती अखंड निर्माण होत असते. मोटारीच्या अंगावर ज्या उभ्या-आडव्या धारा ओतलेल्या असतात, ज्यांना फिन म्हणतात, त्या शोभेसाठी नसतात. नुसत्या गोल अंगाचे क्षेत्रफळ सुमारे ०.२ चौरस मीटर असेल, तर फिनमुळे ते ०.६ पर्यंत जाते असे मानू.

मोटारीच्या मागील टोकाला असलेला पंखा चालू असताना गुणांक ३० धरला, तर ६५० भागिले (३० × ०.६) म्हणजे ३६ अंश. हवा ३८ अंशांची असेल तर मोटारीचे अंग ७४ अंशांवर स्थिरावेल. आतील तांब्याची तार अंगापेक्षा आणखी पंचवीस-तीस अंशांनी गरम असते. म्हणजे ती शंभराच्या आसपास राहील. 'बी' वर्गाचे विद्युत्‌रोधक १३० अंशांपर्यंत आणि 'एफ' वर्गाचे १५५ अंशांपर्यंत टिकावे अशी योजना असते. मोटार सुरक्षित आहे.

आता पंखा तुटला आहे असे समजा. गुणांक १० वर येतो आणि तापमानवाढ १०८ अंश होते. अंगच १४६ अंशांवर जाते. तारेचे काय होईल हे सांगावयास नको. पंखा न तुटताही असाच प्रकार अर्धाअधिक घडू शकतो. फिनांच्या खाचांमध्ये चिखल, शेणमाती, पाचटाचा भुगा व तेलकट धूळ बसून त्या बुजतात. उष्णता सोडणारे क्षेत्र घटते आणि हवेची वाटही बंद होते. गुणांक व क्षेत्रफळ यांचा गुणाकार निम्म्यावर आला, तर वाढ ७२ अंश, अंग ११० अंश आणि तार १३५ ते १४० अंश असा हिशेब होतो. पावसापासून रक्षण व्हावे म्हणून मोटारीवर गोणपाट टाकून ठेवण्याची पद्धत सर्वत्र आढळते. पाऊस लागू नये हा हेतू योग्यच. परंतु गोणपाटाच्या तंतूंत अडकलेली हवा हे त्या पापुद्र्याचेच जाड रूप होय. मोटार बंद असताना गोणपाट अवश्य असावे. ती चालू करताना काढावे, किंवा चार हात उंचीवर पत्र्याचे छप्पर करावे. पत्र्याची बंद खोली करून दार लावून घेतल्यास मोटार आपलीच तापलेली हवा पुन्हा पुन्हा ओढते. गुणांक तोच राहतो, पण ज्या हवेत उष्णता सोडावयाची तीच तापत जाते.

विजेचा दाब कमी झाल्यावर काय घडते तेही याच हिशेबात बसते. दाब २० टक्क्यांनी उतरला आणि पंपाचा भार तसाच राहिला तर प्रवाह सुमारे सव्वापट होतो. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून ती दीडपटीहून थोडी अधिक होते. ६५० वॅटपैकी ४०० वॅट तारेतील असतील, तर ते ६२५ होतात आणि एकूण उष्णता ८७५ वॅटवर जाते. स्वच्छ मोटारीत यामुळे अंगाची तापमानवाढ ३६ वरून ४९ अंश होते. मोटार बराच काळ तग धरील. बुजलेल्या मोटारीत मात्र तीच वाढ ९७ अंश होते. अंग १३५ अंशांवर, तार त्याहून तीस-पस्तीस अंशांनी वर, म्हणजे 'एफ' वर्गाचीही मर्यादा ओलांडली. शिवाय तापलेल्या तांब्याचा विद्युत्‌रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो आणि त्यामुळे उष्णता आणखी वाढते. तेव्हा कमी दाब आणि बुजलेल्या खाचा यांपैकी एकेकटे कारण पुष्कळदा निभावून जाते. दोन्ही एकत्र आली की मोटार जळते. शेजारच्या विहिरीवरील मोटार त्याच तारेवर, त्याच दाबावर चालूनही शाबूत राहिली, हे कोडे असे सुटते.

येथे स्टार्टरविषयी एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. स्टार्टरमधील अतिभार रिले प्रवाह पाहतो; मोटारीचे तापमान पाहत नाही. खाचा बुजल्या, पंखा तुटला किंवा गोणपाट तसेच राहिले, तरी प्रवाह जवळपास पूर्वीइतकाच असतो आणि रिले स्वस्थ बसून राहतो. विद्युत्‌रोधकाचे आयुष्य तापमान दर ६ ते १० अंशांनी वाढले की निम्मे होते, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. त्यामुळे मोटार त्याच दिवशी जळेलच असे नाही. ती पुढल्या हंगामात जळते आणि खरे कारण कोणाच्या ध्यानातही येत नाही.

रंगाची गोष्ट

वस्तू केवळ हवेला उष्णता देऊन निवत नाही. ती उष्णतेचे प्रारणही करीत असते. साधारण ५० अंशांच्या आसपास तापलेल्या, नेहमीचा रंग दिलेल्या पृष्ठभागाचे प्रारण गुणांकाच्या भाषेत मांडले तर ते सुमारे ६ ते ७ भरते. स्तब्ध हवेचा गुणांकही जवळपास तितकाच असतो. म्हणजे पंखा नसलेल्या उपकरणात जवळजवळ अर्धी उष्णता प्रारणाने जाते. गणित मांडताना ती वगळली तर उत्तर फार चुकते. घासून लख्ख केलेली पितळ वा ॲल्युमिनियम फार थोडे प्रारण करते. चंदेरी ॲल्युमिनियम रंगही साध्या तैलरंगाच्या मानाने निम्मे किंवा त्याहून कमी प्रारण करतो. काळा रंग लावला म्हणजेच प्रारण अधिक होते, ही समजूत मात्र या तापमानांना लागू पडत नाही. साधा पांढरा, करडा व काळा तैलरंग या बाबतीत जवळजवळ सारखेच आहेत. फरक पडतो तो उन्हात. काळा रंग ऊन शोषतो, फिकट रंग ते परतवतो. उघड्यावरील उपकरणास फिकट करडा रंग देण्यामागे हा दुहेरी विचार आहे.

शाळेत करता येईल असा प्रयोग

माध्यमिक शाळेतील शिक्षकांस हा गुणांक वर्गातच मोजून दाखवता येईल. पितळी तांब्या, झाकण, तापमापक, लाकडी पाट आणि घड्याळ एवढे साहित्य पुरे. तांब्यात एक लिटर गरम पाणी घालून झाकण ठेवावे; झाकण न ठेवल्यास बाष्पीभवनाने पुष्कळ उष्णता जाते आणि हिशेब बिघडतो. तांब्या पाटावर ठेवून दर पाच मिनिटांनी तापमान लिहावे. खोलीचे तापमान ३० अंश असेल, तर पाणी ८० अंशांवरून ५५ अंशांवर येण्यास लागलेला वेळ पाहावा. कारण तेव्हा खोलीपेक्षा असलेले अधिक तापमान ५० वरून २५, म्हणजे बरोबर निम्मे झालेले असते. समजा, त्यास ८० मिनिटे, म्हणजे ४८०० सेकंद लागले आणि तांब्याचे बाहेरील क्षेत्रफळ ०.०६ चौरस मीटर आहे. एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने बदलण्यास सुमारे ४१८६ ज्यूल लागतात. तेव्हा गुणांक = ०.६९३ × ४१८६ भागिले (०.०६ × ४८००), म्हणजे सुमारे १०. ०.६९३ हा आकडा 'निम्मे होणे' या क्रियेचा आहे आणि तो सर्वत्र तोच राहतो.

नंतर तोच प्रयोग पंख्याखाली करावा. वेळ २७ मिनिटांवर आला तर गुणांक ३० झाला. त्याच वेळी दुसरा कोरडा तापमापक पंख्याच्या वाऱ्यात टांगून ठेवावा. त्याचे तापमान उतरत नाही, हे विद्यार्थ्यांस दाखवावे. पंखा हवेला थंड करीत नाही, तो गुणांक वाढवतो, ही गोष्ट यापरीस अधिक स्पष्ट रीतीने सांगता येणार नाही. वेळ असल्यास घासून चकचकीत केलेला एक आणि दिव्याच्या काजळीने काळा केलेला एक, असे दोन सारखे तांबे घ्यावे. स्तब्ध हवेत काळा तांब्या जवळजवळ निम्म्या वेळात निवेल. भांडी घासून ठेवणाऱ्या गृहिणीचा चहा अधिक वेळ गरम राहतो, असे गमतीने म्हणावयास हरकत नाही.

या प्रयोगात पाणी सर्वत्र सारख्या तापमानाचे आहे असे गृहीत धरले आहे. पाणी आतल्या आत फिरत असल्यामुळे ते चालते. मोटारीच्या अंगासही ते चालते. सहा मिलिमीटर जाडीच्या लोखंडातून उष्णता इतक्या सुलभतेने जाते की सर्व अडथळा बाहेरील हवेच्या पापुद्र्यातच असतो. गुळाच्या मोठ्या ढेपेस मात्र हा हिशेब लावू नये. गूळ मंद वाहक असल्याने ढेपेची कड निवते, पोट मात्र गरमच राहते. तेथे पंखा कितीही लावला तरी फारसा लाभ नाही, कारण अडथळा आत आहे. अडथळा आत की बाहेर, हे आधी पाहावे आणि मगच गुणांकाच्या मागे लागावे.

ओतशाळेतील निवणे

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे येथील ओतशाळांत पंपांची अंगे, झडपा, वाहनांचे भाग इत्यादी लोखंडी ओतकाम होते. तेथे निवण्याचा प्रश्न निराळ्या रूपात उभा राहतो. सुमारे १३५० ते १४०० अंशांचा रस वाळूच्या साच्यात ओतला जातो आणि ११५० अंशांच्या सुमारास तो घट्ट होतो. १९४० साली ख्वोरिनोव्ह याने दाखविले की, घट्ट होण्यास लागणारा वेळ घनफळ भागिले क्षेत्रफळ याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २० मिलिमीटर जाडीच्या पाटीस १० मिलिमीटरच्या पाटीपेक्षा दुप्पट नव्हे, चौपट वेळ लागतो. म्हणूनच जाड व पातळ भाग एकत्र असलेल्या नगात जाड भाग शेवटी घट्ट होतो आणि रसाचा पुरवठा न मिळाल्यास तेथे पोकळी राहते. मोटारीच्या फिनसारखे पातळ भाग याच्या उलट इतक्या लवकर निवतात की लोखंड पांढरे व काचेसारखे कडक होते. कारागीर त्यास चिल झाले असे म्हणतात. तो भाग मग यंत्रावर कापला जात नाही.

आता अनेक ओतशाळा साचा करण्यापूर्वी संगणकावर निवण्याचे चित्र काढून पाहतात. त्या गणितात रस आणि साचा यांच्यामधील गुणांक घालावा लागतो. नग निवताना आकसतो, साच्यापासून किंचित सुटतो आणि मध्ये हवेची फट पडते. त्या क्षणी गुणांक एकदम खाली येतो. वाळूच्या साच्यात याने फारसे बिघडत नाही, कारण वाळूच मुळात मंद वाहक असून मुख्य अडथळा तीच करते. धातूचा साचा असेल, किंवा जाड भाग लवकर निववण्यासाठी साच्यात लोखंडाचा तुकडा बसवला असेल, तर मात्र याच आकड्यावर सारे उत्तर ठरते. पुस्तकातील कोष्टकातून एक आकडा उचलून संगणकास दिला आणि पडद्यावर सुंदर रंगीत चित्र आले, एवढ्याने ते खरे ठरत नाही.

आकडा पडताळावा कसा

मोटारीसाठी किंवा रोहित्रासाठी काढलेला गुणांक हा शेवटी अंदाज असतो. चांगल्या सूत्रांनी काढलेल्या उत्तरातही वीस-पंचवीस टक्क्यांची तफावत पडू शकते, आणि तापमानवाढ गुणांकाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने ती तफावत थेट अंशांत उतरते. सबब यंत्र पूर्ण भारावर चालवून, तापमान स्थिर होईपर्यंत थांबून मोजणे हाच खरा निवाडा होय. तार आत असल्याने तेथे तापमापक पोहोचत नाही. परंतु तिचा विद्युत्‌रोध मोजून तापमान काढता येते. मोटार थंड असताना, ३० अंशांस, रोध ४.०० ओहम होता आणि चालवून बंद केल्याबरोबर तो ५.०० ओहम भरला असे समजा. थंड तापमानात २३५ मिळवावे, म्हणजे २६५. त्यास ५ भागिले ४ ने गुणावे, म्हणजे सुमारे ३३१. त्यातून २३५ वजा करावे. तारेचे सरासरी तापमान ९६ अंश. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील विद्यार्थ्यांस हा प्रयोग जुन्या मोटारीवर, खाचा बुजलेल्या असताना आणि साफ केल्यावर, असा दोनदा करावयास द्यावा. मोजमाप करण्यापूर्वी वीजपुरवठा तोडलेला आहे याची खात्री शिक्षकाने स्वतः करावी.

गावच्या रोहित्रात, ज्यास सर्रास डीपी म्हणतात, पंखा नसतो. तेथे तेल हेच उष्णतेचे वाहन. गुंडाळीजवळ तापलेले तेल वर चढते, बाजूच्या नळ्यांत शिरते, तेथे निवून जड होते आणि खालून परत टाकीत येते. वितरण रोहित्रात तेलाच्या वरच्या थराची वाढ ३५ अंशांच्या व गुंडाळीची ४० अंशांच्या आत राहावी असे भारतीय मानक आहे. हे चक्र एका साध्या अटीवर चालते. तेलाची पातळी नळ्यांच्या वरच्या तोंडाच्या वर असली पाहिजे. गळतीमुळे किंवा चोरीमुळे ती तोंडाखाली गेली की नळ्यांत तेल असूनही ते फिरत नाही. नळ्या थंडगार लागतात आणि आत गुंडाळी भाजत असते. नळ्या हाताला थंड लागतात म्हणून रोहित्र ठीक आहे असा निष्कर्ष काढणे अशा वेळी घातक ठरते. अर्थात चालू रोहित्रास कोणीही हात लावू नये. तेलमापकाची काच जमिनीवरून पाहावी आणि पातळी उतरलेली दिसल्यास वीज कार्यालयास कळवावे. तेलास तापण्यास व निवण्यास काही तास लागतात. त्यामुळे रात्रीच्या गारव्यात थोडा वेळ पडलेला जादा भार रोहित्र सोसते; तोच भार दुपारी, आधीच तापलेल्या तेलावर पडला तर सोसत नाही. एका रोहित्रावरील सर्व पंप वीज येताच एकदम सुरू न करता पाळीने चालवण्यात हा लाभ आहे.

पाण्यात बुडालेल्या सबमर्सिबल मोटारीची गोष्ट याहून वेगळी. वाहत्या पाण्याचा गुणांक मोठा असल्याने तिला फिन लागत नाहीत आणि ती बारीक अंगाची करता येते. पण येथेही पाणी अंगावरून वाहिले पाहिजे. बोअरमध्ये मोटार खाली व पंप वर असल्याने खालून येणारे पाणी अरुंद जागेतून मोटारीला घासून वर जाते. तीच मोटार रुंद विहिरीत सोडली तर पाणी बाजूने व वरून थेट पंपात शिरते, मोटारीभोवतीचे पाणी जागच्या जागी राहते आणि गुणांक कितीतरी उतरतो. तळाच्या गाळात रुतलेल्या मोटारीस तर तेवढेही पाणी मिळत नाही. अशा विहिरीत मोटारीभोवती नळीसारखे आवरण बसवतात. त्याचे वरचे तोंड पंपाच्या जाळीच्या वर घट्ट बंद केलेले व खालचे उघडे असते. पाण्यास मग खालून, मोटारीच्या अंगावरूनच यावे लागते. हे आवरण प्लास्टिकच्या जाड पाइपाचे करता येते. मात्र मोटार व पाइप यांमध्ये पाणी जाण्यापुरती जागा सर्व बाजूंनी सारखी राहील हे पाहावे आणि मोटार तळापासून वर टांगावी.